मण्यांच्या दागिन्यांचे फोटो: खाली काय अंथरायचं, शेजारी काय ठेवायचं?

पोतमणी:

नमस्कार. गेली चार वर्षं मी पोतीच्या मण्यांचे दागिने करते. बहुतेक काम ११/० मापाच्या मण्यांत, बारीक नक्षी असेल तर त्याहून बारीक १५/०. विणकाम आता हातात बसलंय, पण फोटोंपुढे मी हात टेकले आहेत.

परवा एक गळ्यातलं पुरं झालं. गडद निळ्या पारदर्शक मण्यांची पेयोटी टाक्यातली (मणी विटांसारखे एकाआड एक बसवणारी वीण) पट्टी, दोन्ही कडांना चंदेरी अस्तराचे मणी आणि मधोमध एक चपटा करडा दगडी मणी. २६ तास लागले. उजेडात धरलं की निळे मणी आतून पेटल्यासारखे दिसतात. फोटोत मात्र तीच पट्टी काळपट आणि सपाट, एखाद्या रिबिनीच्या तुकड्यासारखी येते.

आतापर्यंत केलं ते असं: खाली काळी मखमल, भोवती शिंपले, सुकलेली फुलं, एक उघडं पुस्तक आणि मागे मेणबत्ती. वेळ रात्रीची, कारण दिवसा वेळ मिळत नाही. उजेड खोलीतल्या दिव्याचा आणि शेजारी टेबललॅम्पचा. फोटो मैत्रिणीला पाठवला तर तिने विचारलं, "यातलं विकायचंय ते नक्की कुठलं?" तो प्रश्न मला फार लागला, कारण तो बरोबर होता.

कॅमेरा नाही, फोनच आहे. खाली काय घालायचं, शेजारी काही ठेवायचं की नाही, आणि ठेवायचं तर काय, यावर अनुभवी मंडळींनी सांगावं. कितीही बारीकसारीक असलं तरी चालेल.

सुईदोरा:

पोतमणी, आधी मनापासून दाद. पेयोटीची रुंद पट्टी एकसारखी ताणून विणणं किती चिकाटीचं काम आहे ते करणाऱ्यालाच कळतं.

रात्रीचे फोटो तेवढे थांबव गं. एक दिवा पिवळा, दुसरा पांढरा, वर मेणबत्ती. फोन बिचारा कुणाचं ऐकणार? पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० केल्विनचा असतो आणि दिवसाचा ५५०० च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की अर्धे मणी एका रंगात झुकतात, अर्धे दुसऱ्या. नंतर फोनवर कितीही दुरुस्ती केली तरी एक बाजू सुधारते तेव्हा दुसरी बिघडते. दिवसा वेळ मिळत नसेल तर सुट्टीच्या दिवशी महिन्याभराचे सगळे फोटो एकदम काढून ठेव. मी तसंच करते. खिडकी एक, घरातले बाकी सगळे दिवे बंद.

रानपाखरू:

खिडकीच्या उजेडाला +१. मी मात्र प्रॉप्सच्या, म्हणजे शेजारी ठेवायच्या वस्तूंच्या, बाजूने आहे, सविस्तर लिहिते उद्या.

तिरीप:

पोतमणी, तुमची तक्रार वाचताक्षणी मखमलीवर बोट ठेवावंसं वाटलं. प्रॉप्सचा विषय नंतर घेऊ, कारण ते काढून टाकले असते तरी निळे मणी काळेच आले असते.

पारदर्शक मण्याचा रंग त्याच्या पृष्ठभागावर नसतो. उजेड मण्याच्या आत शिरतो, काचेतून जाताना निळा होतो आणि मग मागच्या एखाद्या फिक्या गोष्टीवर आपटून परत आपल्या डोळ्यात येतो. मागे काळी मखमल असेल तर आत गेलेला उजेड तिथेच गडप होतो, परत काहीच येत नाही. उरते ती मण्याच्या वरच्या काचेवरची चकाकी. तुम्ही हार हातात धरता तेव्हा बोटांच्या फटींतून, मागच्या भिंतीवरून उजेड मण्यांत शिरतो, म्हणून ते पेटल्यासारखे दिसतात. म्हणजे पारदर्शक मण्यांच्या बाबतीत खाली अंथरलेली वस्तू ही मण्याचाच अर्धा भाग समजा.

त्याच हारातल्या कडेच्या मण्यांचं उलट. चंदेरी अस्तराच्या मण्यांच्या भोकात आतून चांदीसारखा थर असतो. ते स्वतःचा आरसा सोबत घेऊनच हिंडतात, त्यामुळे काळ्यावरही चमकतात. तुमच्या फोटोत कडा उजळ आणि पट्टी मेलेली दिसत असणार, बरोबर ना?

म्हणून मी नेहमी विचारतो: हा मणी उजेडाचं काय करतो? अपारदर्शक मणी उजेड पृष्ठभागावरूनच परतवतो, त्याला खाली काय आहे याने फारसा फरक पडत नाही, फक्त दोन रंगांत पुरेसा भेद हवा. मॅट, म्हणजे चमक नसलेला, मणी उजेड सगळीकडे विखुरतो, त्याला समोरून उजेड दिला की तो खडूसारखा सपाट होतो. त्याला एका बाजूने, जवळजवळ टेबलाला घासून येणारा उजेड द्या, म्हणजे प्रत्येक मण्याची गोलाई उठते. इंद्रधनुषी थराचे, म्हणजे एबी मणी घ्या. त्यांचे रंग पातळ थरामुळे तयार होतात आणि कोन बदलला की बदलतात. तिथे दागिना जागेवर ठेवून फोन हळूहळू इकडेतिकडे झुकवत राहायचं. रंग उमलतो त्या कोनावर थांबायचं. धातूच्या मुलाम्याचे मणी तर सरळ आरसेच. ते खोलीतलं सगळं दाखवतात, तुमच्या शर्टाचा रंगसुद्धा. मी फोटो काढताना करडा किंवा पांढरा टीशर्ट घालतो तो त्यासाठीच.

तुमच्या हारासाठी सांगायचं तर मखमल बाजूला ठेवा. फोटोफ्रेममधली साधी काच काढा, कडा धारदार असतील तर चिकटपट्टी लावून घ्या. दोन सारख्या उंचीच्या खोक्यांवर ती आडवी ठेवा आणि खाली वीतभर अंतरावर पांढरा कागद. काचेवर हार. खिडकीतला उजेड कागदावर पडून खालून वर येईल आणि मण्यांतून जाईल. सावलीही हाराला चिकटून न पडता खाली कागदावर, पसरट पडेल. करून बघा आणि इथे सांगा.

पोतमणी:

तिरीप, कडा उजळ आणि पट्टी मेलेली, अगदी हेच होतंय! मी मण्यांची प्रत, फोन, सगळ्यांना दोष देऊन बसले होते. रविवारी काचेचा प्रयोग करते.

निळाई:

मी दागिने करत नाही, फक्त ऑनलाइन घेते, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

एकदा मी मण्यांचे डूल मागवले. फोटोत ते एका गोल गुळगुळीत दगडावर टेकवलेले होते. मला वाटलं दगड मुठीएवढा असेल, त्या हिशोबाने डूल चांगले दोन इंची. प्रत्यक्षात आले ते माझ्या करंगळीच्या नखाएवढे. दगड म्हणजे खडा होता. विक्रेत्याने माप लिहिलं होतं, ते मी वाचलं नव्हतं हे खरं. पण फोटोने मनात जे माप बसवलं ते इतकं पक्कं होतं की वाचायची गरजच वाटली नाही. परत पाठवले, दोन्हीकडच्या लोकांना मनस्ताप.

तेव्हापासून मी फोटोत माणूस शोधते. कानात घातलेला, गळ्यात घातलेला, निदान बोटांत धरलेला. हाताचं माप सगळ्यांना ठाऊक असतं. दगड, शंख, फांदी, पान यांना ठरलेलं माप नाही. प्रॉप जरूर ठेवा, पण एका फोटोत तरी हात असू द्या.

चौकट:

निळाईंचा मुद्दा सोन्यासारखा आहे. माझं म्हणणं त्याहून कडक: पहिल्या फोटोत प्रॉप नकोच. ऑनलाइन दुकानाच्या यादीत तो फोटो बोटाच्या पेराएवढा दिसतो. तेवढ्यात दागिन्याची आकृती कळली पाहिजे. त्यात फूल आणि शिंपला घातला की दागिना अंगठ्याच्या नखाएवढा उरतो. प्रॉप दुसऱ्या-तिसऱ्या फोटोत.

रानपाखरू:

चौकट, आदर ठेवून असहमत. काल म्हटल्याप्रमाणे सविस्तर.

मी नदीकाठचे दगड, झाडांच्या साली, गळून पडलेली पिसं, वाळलेली बोंडं गोळा करते. ते सजावट म्हणून नाही. माझ्या कामात रंग तिथूनच येतात. शेवाळलेल्या दगडात कमीत कमी पाच हिरवे असतात. त्यातले मला जमतील तेवढे मी मण्यांत शोधते. मग तो दागिना त्याच दगडावर ठेवला की बघणाऱ्याला तो कुठून आला ते कळतं. नुसत्या पांढऱ्या कागदावर तो माझा दागिना राहत नाही, कुणाचाही होतो.

पण पोतमणींच्या त्या फोटोत काय चुकलं असावं तेही सांगते, मी स्वतः त्याच वाटेने गेले आहे. शिंपले समुद्राचे, पुस्तक वाचनाच्या खोलीतलं, मेणबत्ती अंधाराची, फुलं बागेतली. चार गोष्टी चार ठिकाणांबद्दल बोलतात आणि हार मध्ये गप्प बसतो. एक ठिकाण निवडा आणि तिथलीच वस्तू ठेवा. एक, फार तर दोन. उघडं पुस्तक तर मी कधीच ठेवत नाही. अक्षरं दिसली की डोळा वाचायला लागतो, त्याला इलाज नाही. शिवाय मेणबत्तीची ज्योत, पांढरं फूल, चकचकीत शिंपला यांसारखी मण्यांहून उजळ वस्तू चौकटीत आली की नजर आधी तिकडेच जाते. प्रॉप दागिन्याहून मंद हवा. रंगाने, उजेडाने आणि शक्यतो पोतानेही.

सुईदोरा:

रानपाखरू, पोताचा मुद्दा आणखी ताणते. खडबडीत गोणपाट सगळ्यांना आवडतं, पण त्याचे धागे आपल्या मण्यांहून जाड असतात. ११/० चा मणी जेमतेम २ मिलिमीटरचा, १५/० चा त्याहून बारीक, दीडच्या आसपास. खालची वीण मण्याएवढी किंवा त्याहून मोठी असली की मणी त्या जाळीत हरवतात. तेच गोणपाट मोठ्या लाकडी मण्यांच्या माळेखाली छान दिसतं. पोतीच्या मण्यांना खाली बारीक पोत हवा: हातकागद, न घासलेली पाटी, बारीक विणीचं सुती कापड इस्त्री करून. आणि रेघारेघांचं कापड पेयोटीखाली कधी घालू नकोस. मण्यांच्या ओळी आणि कापडाच्या रेघा एकमेकींवर आल्या की फोटो लहान केल्यावर पाण्यावरच्या लाटांसारखे खोटे पट्टे दिसायला लागतात.

मला आवडणारा प्रॉप कुठला सांगू? आपली हत्यारं. अर्धी विणलेली पट्टी, सुई तशीच लटकत असलेली, शेजारी त्याच रंगाच्या धाग्याची रीळ. सुईचं माप विणणाऱ्यांना ठाऊक असतं आणि न विणणाऱ्यालाही हे हाताने केलंय हे न सांगता कळतं.

चौकट:

रानपाखरू, तुमचं 'मंद हवा' हे पटलं. पहिल्या फोटोबद्दलचं मत मात्र तसंच ठेवतो.

बॅकग्राउंडच्या रंगाबद्दल एक भर. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरूल पॅरिसच्या गोबेलँ विणकाम कारखान्यात रंगखात्याचे प्रमुख होते. तिथला काळा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. त्यांनी तपासलं तर रंगात दोष नव्हता. काळ्या लोकरीशेजारी निळा-जांभळा रंग आला की डोळ्याला तो काळा फिका दिसत होता. शेजारचे रंग एकमेकांना कसे बदलवतात यावर त्यांनी १८३९ साली सविस्तर मांडणी केली. आपल्या कामात हे रोज घडतं. करड्या मण्यांची माळ निळ्या कागदावर ठेवा, ती किंचित नारिंगीकडे झुकलेली दिसेल. तीच नारिंगी कागदावर निळसर. कॅमेऱ्याने अचूक रंग टिपला तरी बघणाऱ्याचा डोळा फसतो. म्हणून ज्या दागिन्यात रंग हाच मुद्दा आहे तिथे मी मधला करडा किंवा किंचित मळकट पांढरा यांपलीकडे जात नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रंगीत बॅकग्राउंड खालून मण्यांत शिरतो. लाल कागदावर ठेवलेले पारदर्शक मणी गुलाबी होतात. तिरीप म्हणाले तसं, अर्धा मणी तोच.

भिंग:

चर्चा आवडली. मी मोठ्या कॅमेऱ्यावर मॅक्रो लेन्सने, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या भिंगाने, काम करतो, त्या बाजूचं थोडं.

मण्याइतकं जवळ गेलं की फोकस कागदाएवढा पातळ होतो असं म्हणतात, त्याचा हिशोब बघा. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर, एकास एक मोठेपणावर (मणी सेन्सरवर खऱ्या मापाचा पडतो तेव्हा), एफ/८ ठेवलं (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो वाढला की छिद्र लहान) तर फोकसमध्ये येणारी जाडी साधारण १ मिलिमीटर. म्हणजे ११/० च्या मण्याची अर्धी. एकास दोनवर तीच जवळपास ३ मिलिमीटर होते. एफ/२२ वर ढकललं तर जाडी वाढते, पण विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळंच किंचित मऊ पडतं आणि मण्यांच्या कडा जातात. त्यामुळे मी एफ/८ ते एफ/११ मध्ये राहतो आणि फोकस थोडाथोडा सरकवत आठ-दहा फोटो काढून ते जोडतो. फोनचा सेन्सर लहान असल्याने त्याला तेवढ्याच चौकटीत जास्त जाडी फोकसमध्ये मिळते. या एका बाबतीत फोन आमच्याहून पुढे आहे, तेव्हा पोतमणी, फोनबद्दल वाईट वाटून घेऊ नका.

फोनवाल्यांना तीन सूचना. फार जवळ जाऊ नका. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते, जवळून गोल लटकन लंबगोल दिसतं आणि हाराची जवळची बाजू फुगते. थोडं मागे या आणि दुप्पट झूम वापरा, किंवा नंतर कापा. बऱ्याच फोनांत मॅक्रो मोड लावला की फोन गुपचूप अतिरुंद लेन्सवर जातो, तिची प्रत मुख्य लेन्सपेक्षा कमी असते. दोन्हींनी एकेक फोटो काढून आपल्या फोनचं काय ते पाहून घ्या. आणि पडद्यावर मण्यांवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ यायचा ते) तिथे कुलूपबंद होतात. फोन कशाला तरी टेकवून, दोन सेकंदांचा टायमर लावून काढा.

पोतमणी:

रविवारचा अहवाल.

पहिला प्रयत्न फसला. काच, खोकी, खाली पांढरा कागद, सगळं सांगितल्यासारखं. मणी निळे आले, हे पाहून मला खरंच भरून आलं. पण सगळा फोटो करडा, मळल्यासारखा आला. शिवाय काचेत खोलीचं छत आणि फोन धरलेले माझे हात स्पष्ट दिसतायत. प्रत्येक मण्यावर एक टोकदार पांढरा ठिपका आहे, तो फार टोचतो. खिडकीत ऊन थेट येत होतं.

तिरीप:

पोतमणी, निळे आले ना? मोठं काम झालं. बाकीच्या तिन्ही गोष्टी सुटणाऱ्या आहेत.

करडेपणा: कॅमेरा जे दिसेल ते मधल्या करड्यावर आणायला बघतो. चौकटीत पांढरं जास्त असेल तर त्याला वाटतं उजेड फार आहे, मग तो फोटो अंधारतो. एक्स्पोजरची पट्टी वर सरकवून अर्धा ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). काळं जास्त असेल तेव्हा उलट, कमी करा. मात्र पांढरा कागद अगदी कोरा होईपर्यंत वाढवू नका, नाहीतर चंदेरी कडाही त्याच्यासोबत वाहून जातात. कागदात अगदी हलकी करडी छटा राहिली तर दागिना कशावर तरी ठेवलाय असं वाटतं, हवेत तरंगत नाही.

छत आणि हात: काचेवर जे पडतं ते ज्या कोनात पडतं त्याच कोनात परत जातं. तुम्ही बरोबर वरून काढलात, म्हणून बरोबर वरचंच दिसलं. एकतर थोडं तिरकं होऊन काढा आणि समोरच्या बाजूला, काचेत जे दिसेल तिथे, काळं कार्ड उभं करा. किंवा वरूनच काढायचं असेल तर मोठ्या काळ्या कार्डाला लेन्सपुरतं भोक पाडून त्यातून काढा. काचेत मग नुसता काळोख दिसेल, म्हणजे काहीच दिसणार नाही.

आता ठिपका, हा मला फार जिव्हाळ्याचा विषय आहे. प्रत्येक मणी हा छोटा फुगीर आरसा आहे. त्यावर दिसणारा ठिपका म्हणजे तुमच्या उजेडाच्या उगमाचं चित्र. सूर्य आकाशात इवलासा, म्हणून ठिपका टोकदार. आकाश मोठं, म्हणून ढगाळ दिवशी त्याच मण्यावर मऊ, पसरलेली झिलई येते. उजेडाचा उगम मण्याच्या नजरेतून किती मोठा आहे, एवढंच महत्त्वाचं. खिडकीवर पातळ पांढरा पडदा किंवा ट्रेसिंग पेपर लावला की सगळी खिडकीच उगम होते. मग हार खिडकीच्या जवळ आणा, अर्ध्या मीटरवर. दोन मीटर मागे नेलात तर तीच खिडकी मण्याला लहान दिसते आणि ठिपका पुन्हा आकसतो. लोक उजेड कोवळा व्हावा म्हणून दागिना खिडकीपासून लांब नेतात. त्याने उजेड मंदावतो, मऊ होत नाही.

खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरं कार्ड किंवा थर्माकोलचा तुकडा उभा करा, सावलीची बाजू उघडेल. पण सगळीकडून पांढरं लावू नका. धातूच्या मण्यांना चारी बाजूंनी पांढरं दिलं की ते करड्या रंगाने रंगवल्यासारखे दिसतात. एखादी बोटभर काळी पट्टी बाजूला उभी केली की तिचं प्रतिबिंब मण्यांवर येतं आणि धातू धातूसारखा दिसतो.

भिंग:

तिरीप यांच्या काळ्या कार्डाला जोड. बिनरंगी, पाण्यासारख्या पारदर्शक काचमण्यांचा पांढऱ्यावर फोटो काढायचा तर ते दिसेनासे होतात. काचेची भांडी टिपणारे एक जुनी युक्ती वापरतात: मागे उजळ पांढरं, आणि चौकटीच्या जरा बाहेर डावी-उजवीकडे काळी कार्डं. काच कडेपाशी उजेड वाकवते, त्यामुळे ते काळं मण्यांच्या कडांमध्ये शिरतं आणि प्रत्येक मण्याला आपसूक बारीक काळी रेघ मिळते.

लेन्सवर लावायच्या, चकाकी कापणाऱ्या पोलरायझर फिल्टरबद्दल कुणी विचारण्याआधी: काचेवरची चकाकी तो कमी करतो, धातूवरची नाही. आणि मण्यांवरची सगळी चकाकी काढून टाकली तर काच प्लास्टिकसारखी दिसते. मी जपून वापरतो.

रेशीमगाठ:

मध्येच विचारते, क्षमस्व. रंग पक्का यावा म्हणून मी पांढऱ्या प्रिंटर कागदावरून व्हाइट बॅलन्स घेते (पांढरं कशाला मानायचं ते कॅमेऱ्याला दाखवते), तरी जांभळे मणी निळे येतात. का?

भिंग:

रेशीमगाठ, दोन गोष्टी. पहिली, कागद भरवशाचा नाही. प्रिंटरच्या कागदात तो जास्त पांढरा दिसावा म्हणून चकाकी आणणारी रसायनं असतात. दिवसाच्या उजेडातल्या अतिनील किरणांनी ती निळसर चमकतात. म्हणजे तुम्ही ज्याला पांढरा मानताय तो मुळात निळसर आहे. फोटोग्राफीचं १८ टक्के करडं कार्ड घ्या, पहिल्या फोटोत दागिन्याशेजारी ठेवा आणि नंतर त्यावरून दुरुस्ती करा. दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची, आणि जांभळे मणी निळे येण्याचं कारण बहुधा हीच. जांभळा आणि मोरपंखी हे अवघड रंग आहेत. मोरपंखीच्या काही गडद छटा तर साध्या पडद्यावर दाखवताच येत नाहीत. तिथे मण्याशी पडदा ताडून शक्य तेवढं जवळ या आणि वर्णनात शब्दांत लिहा: "निळ्याकडे झुकणारा जांभळा".

निळाई:

हो, शब्दांत लिहाच. घेणाऱ्याला त्याचा फार आधार वाटतो. आणि रंग भडक करायची पट्टी ओढू नका. पाकीट उघडल्यावर मणी फोटोपेक्षा सुंदर निघाले तर मी त्या व्यक्तीकडे पुन्हा जाते.

पोतमणी:

दुसरा अहवाल. या वेळी घाई केली नाही.

खिडकीवर ट्रेसिंग पेपर, हार खिडकीपासून हातभर, समोर पांढरं कार्ड, काचेत दिसणाऱ्या बाजूला काळं. आधी हारावरून मऊ ब्रश फिरवला, कारण मागच्या फोटोत मखमलीचे तंतू टाक्यांत अडकलेले दिसत होते. मला ते विणताना कधी दिसले नव्हते. एक दोऱ्याचं टोकही बाहेर आलेलं सापडलं, ते आत ओवून टाकलं. एवढ्यासाठी तरी मोठा फोटो काढून बघावा असं वाटलं.

पट्टी सरळ ठेवली तेव्हा मोजपट्टीसारखी दिसत होती. मग जाड कागदाचा गळ्याच्या आकाराचा बाक कापून काचेखाली धरला आणि त्यावर बघून हार मांडला. कागद काढून घेतल्यावरही वळण तसंच राहिलं.

निळा आला. तोच, उजेडात धरल्यावर दिसतो तो. कडेचे चंदेरी मणी आता ओरडत नाहीत, नुसते सोबत असतात. मी तो फोटो किती वेळ बघत बसले ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या फोटोत मैत्रिणीच्या गळ्यात, हनुवटीपासून खाली. तिसऱ्यात रानपाखरूंचं ऐकून एकच ठिकाण निवडलं. मधला दगडी मणी करडा आहे, म्हणून खाली न घासलेली पाटी. तिथे निळे मणी पुन्हा गडद होणार हे आता कळत होतं. म्हणून पट्टीचा मोठा भाग चौकटीबाहेर जाऊ दिला आणि फोकस दगडावर आणि चंदेरी कडेवर ठेवला. तो फोटो काय दाखवण्यासाठी आहे ते ठरलेलं असल्यामुळे तो जमला.

रानपाखरू:

पोतमणी, तिसऱ्या फोटोबद्दल वाचून फार आनंद झाला. आणि चौकट, पहिला फोटो नुसता ठेवण्याबद्दल मी या आठवड्यात माझे दोन दागिने तसे लावून बघणार आहे.

चौकट:

आणि मी पाटी शोधतोय.

रेशीमगाठ:

लोंबत्या कानातल्यांचं काय करायचं? आडवे ठेवले की झुलणाऱ्या लडी एकमेकींत गुंततात.

सुईदोरा:

लोंबायला केलेली वस्तू लोंबतीच टिप. दोन खोक्यांवर आडवी काठी, तिच्यावर पारदर्शक नायलॉनचा दोरा, त्याला आकड्या अडकव. मागे फूट-दीड फूट अंतरावर करडा कागद, म्हणजे त्याचा पोत आपोआप धूसर होतो आणि सावली त्यावर पडत नाही. लडी थांबेपर्यंत श्वास रोखून बस. पंखा बंद. एक कानातलं समोरून आणि जोडीदार थोडं वळवलेलं असं ठेवलंस तर मागची बाजू आणि आकडी कशी आहे तेही कळतं. आकडीचा वेगळा फोटो घेच, घेणारे तिथे हमखास अडतात.

ब्रेसलेट असेल तर आत जाड कागदाची नळी करून घाल, ब्रेसलेटहून किंचित अरुंद, म्हणजे समोरून दिसणार नाही. लहान लटकन उभं राहत नसेल तर मागे चिकटवायच्या पुट्टीचा मुगाएवढा गोळा. पण कच्च्या दगडाला, शिंपल्याला आणि मॅट मण्यांना पुट्टी लावू नकोस, तेलकट डाग राहतो.

पोतमणी:

सुईदोराताई, यातली नळी आजच करते. पुढचं काम काळ्या चकचकीत मण्यांचं आहे, पूर्ण अपारदर्शक. त्याला काचेची गरज नाही ना?

तिरीप:

नाही. काळ्या चकचकीत मण्याला स्वतःचा उजेड काहीच नाही, त्याच्यावर जे प्रतिबिंब पडेल तेवढाच तो दिसतो. खिडकी मोठी करा आणि जवळ आणा, खाली मधला करडा कागद घाला, एक्स्पोजर मण्यांवर कुलूपबंद करून थोडं खाली आणा. प्रत्येक मण्यावर खिडकीची एक लांबट मऊ झिलई दिसायला लागली की काढा. विणून झालं की इथेच टाका.